बाप्तिस्म्याचे पाणी आणि पाळावयाचा करार



बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. उल्कापाताने पडलेल्या त्या विशाल विवराच्या तळाशी खारट पाणी साचलेले आहे, आणि त्याच विवराच्या काठावर गोड पाण्याची धार अखंड वाहते आहे. यात्रेकरू त्या धारेखाली स्नान करतात, देवदर्शन घेतात आणि आपापल्या गावी परततात. स्नानाने अंग निर्मळ होते याविषयी कोणाचा वाद नाही. वाद आहे तो पुढच्या गोष्टीविषयी. स्नान करून परतलेला मनुष्य पूर्वीच्याच मनाने घरात शिरला, तर त्या पाण्याने केले काय? आपल्या संतांनी तीर्थयात्रेसंबंधाने हा प्रश्न शेकडो वर्षे विचारला. ख्रिस्ती मंडळीत तोच प्रश्न बाप्तिस्म्यासंबंधाने विचारावा लागतो, आणि त्याचाच आज थोडा विचार करावा असे मी योजिले आहे. श्रोत्यांत निरनिराळ्या धर्मांचे लोक आहेत. म्हणून कोणास आपल्या घरात ओढण्याच्या हेतूने न बोलता, आमच्याच घरची झाडलोट आपल्यादेखत करावी, एवढाच माझा मानस आहे.

बाप्तिस्मा हा शब्द मूळ ग्रीक भाषेतला. त्याचा साधा अर्थ बुडविणे, पाण्यात घालणे असा आहे. यार्देन नदीच्या काठी योहान नावाचा एक विरक्त पुरुष लोकांस पश्चात्ताप करावयास सांगून नदीच्या पाण्यात बाप्तिस्मा देत असे, आणि प्रभू येशूनेही त्याच्याच हातून तो घेतला, असे शुभवर्तमानांत वर्णिले आहे. पुढे संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात या संस्काराचा अर्थ अधिक खोल नेला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, पाण्यात जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे, आणि पाण्यातून वर येणे म्हणजे नव्या जीवनात उठणे. तेव्हा हे पाणी केवळ मळ धुण्याचे नव्हे. ते आधी थडगे आहे आणि मग जन्मस्थान आहे. मनुष्य धुऊन स्वच्छ निघाला एवढ्याने येथे भागत नाही. जुना मनुष्य तेथेच राहावा लागतो.

हा विधी कसा करावा याविषयी ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत. वसईकडील कॅथॉलिक बांधव यास स्नानसंस्कार म्हणतात व तान्ह्या बालकांसही तो देतात. आपल्या वऱ्हाडात खामगाव, मलकापूर, बुलढाणा वगैरे ठिकाणी काम केलेल्या अलायन्स मिशनच्या मते तो जाणत्या मनुष्याने स्वतः विश्वास धरून घ्यावयाचा व पूर्ण पाण्यात उतरून घ्यावयाचा. कपाळावर तीन थेंब की गळ्यापर्यंत नदी, या वादात किती शाई खर्च झाली आहे म्हणून सांगू! तथापि १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपूर येथे सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा त्यांनी या दोन्ही रीती एकाच छपराखाली मान्य केल्या. मला हे शहाणपणाचे वाटते. पाण्याच्या मापापेक्षा वचनाचे माप मोठे आहे.

आता ते वचन कोणते ते पाहू. पवित्र शास्त्राच्या दोन भागांस मराठीत जुना करार व नवा करार अशी नावे आहेत. करार म्हटले की आपल्या शेतकऱ्यास मुद्रांकाचा कागद, साक्षीदारांचे अंगठे व सावकाराचा दरवाजा आठवतो. त्या करारात दोन्ही पक्ष एकमेकांवर अविश्वास ठेवून बसलेले असतात. म्हणून तर कागद लागतो. बाप्तिस्म्याच्या करारात एका पक्षाने, म्हणजे देवाने, आपली सही आधीच करून ठेवली आहे अशी आमची श्रद्धा आहे. मनुष्याने मागून सही करावयाची, आणि ती एकदा करून भागत नाही, रोज करावी लागते. जुन्या उपासनाविधींत उमेदवाराला जे विचारतात त्याचे सार तीन गोष्टींत येते: दुष्टाचा व त्याच्या कर्मांचा त्याग, देवावर विश्वास, आणि त्याच्या आज्ञांप्रमाणे आयुष्यभर चालण्याचा निश्चय. पाणी क्षणभर अंगावर असते. हा निश्चय मरेपर्यंत अंगावर असतो.

शेगावच्या वाटेने दिंडीबरोबर चालणाऱ्या वारकऱ्यास हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. गळ्यात तुळशीची माळ घालणे हा घटकाभराचा विधी असतो, परंतु त्या माळेबरोबर मांस व मद्य वर्ज्य होते, एकादशी येते, पंढरीची वारी येते. माळकरी म्हणवून घेऊन जो मनुष्य चोरून गुत्त्यावर जातो, त्याच्याविषयी गाव काय बोलते हे आपण जाणताच. १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांस बौद्ध धर्माची दीक्षा दिली, त्यावेळी त्यांनी त्यांच्याकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. दीक्षेचे बळ प्रतिज्ञेत असते, आणि प्रतिज्ञेचे बळ ती पाळण्यात, हे त्यांनी पक्के ओळखले होते.

येथवर सर्वसाधारण गोष्ट झाली. परंतु महाराष्ट्रात बाप्तिस्म्याच्या कराराला एक विशेष अर्थ आला, आणि तो न सांगता पुढे गेल्यास विषयाचे काळीजच राहून जाईल. आपल्याकडे कोणी ख्रिस्ती झाला म्हणजे लोक म्हणत, तो बाटला. ख्रिस्ती मंडळी म्हणे, तो धुतला गेला. एकाच पाण्याला अशी दोन उलट नावे का पडावीत? कोकणपट्टीत जुन्या काळच्या गोष्टी सांगतात की, विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि त्या विहिरीचे पाणी प्यालेले सारे गाव बाटले. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यामागील समजूत खरी होती. आपल्या समाजात जातीचा पहारा पाण्यावर बसलेला होता. कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणी कोणत्या विहिरीवर पोहरा सोडावा, यावरून मनुष्याची जागा ठरत असे. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जो लढा झाला तो याच पहाऱ्याविरुद्ध होता. अशा देशात सर्वांस एकाच पाण्यात उतरविणारा संस्कार आला, तेव्हा त्या पाण्यात उतरणाराने नकळत एक कलम मान्य केले: येथून पुढे माझे पाणी निराळे राहणार नाही. हे कलम जो पाळतो त्यानेच महाराष्ट्रात बाप्तिस्म्याचा करार पाळला, असे माझे मत आहे. आणि या मताच्या पुष्ट्यर्थ आपल्या शेजारचीच एक हकीकत सांगतो.

मुंबईत १८४३ साली नारायण शेषाद्री नावाच्या एका ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत शिकत असता बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा बाराएक वर्षांचा होता. तो भावाच्या मागोमाग मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली, आणि मुलगा अज्ञान असल्यामुळे न्यायाधीशांनी त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. आता मौज पाहा. श्रीपतच्या मस्तकावर बाप्तिस्म्याचे पाणी पडलेच नव्हते. तरीही परक्यांच्या घरी अन्नपाणी घेतल्यामुळे तो जातीतून गेला असे जातवाल्यांनी ठरविले. मराठी वृत्तपत्रांचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांनी त्या पोरास प्रायश्चित्त देऊन पुनः पंक्तीस घ्यावे म्हणून पराकाष्ठा केली, आणि तेवढ्याबद्दल त्यांना सनातनी मंडळींचा फार विरोध सोसावा लागला. एका भावासाठी एक पाणी, दुसऱ्या भावासाठी दुसरे! त्या आईबापांच्या घरात त्या वर्षी काय झाले असेल याची कल्पना केली तर बाप्तिस्म्याच्या वादातील विजयाची भाषा कोणाच्याही तोंडून निघणार नाही. मिशनच्या जुन्या कागदांत अशा घटनांचे वर्णन हर्षाने केलेले आढळते. मला तो हर्ष वाचवत नाही. करार देवाशी होता हे खरे; परंतु त्याची किंमत त्या म्हाताऱ्या बापानेही मोजली.

नारायण शेषाद्री १८५४ साली पाळक झाले. मुंबईत इंग्रजी जाणणारे ख्रिस्ती गृहस्थ म्हणून सुखाने राहणे त्यांना सहज शक्य होते. परंतु १८६० नंतरच्या दशकात ते निजामाच्या राज्यातील जालन्यास आले. सिंदखेड राजा व देऊळगाव राजा येथील लोकांस जालना म्हणजे अंगणाबाहेरचे गाव. आपल्या जिल्ह्याचा तो भाग आजही बाजारहाटासाठी तिकडे वळतो. तेथे त्यांच्या मंडळीत जे लोक आले ते बहुतेक मांग समाजातील होते, म्हणजे गावगाड्यात ज्यांना सर्वांत खालची जागा दिलेली होती असे. नारायणरावांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळविली आणि जालन्याजवळ या लोकांसाठी बेथेल नावाची वसाहत उभी केली. बेथेल या इब्री शब्दाचा अर्थ देवाचे घर असा आहे. तेथे प्रार्थनामंदिर झाले, शाळा झाली, शेती सुरू झाली. १८७३ साली न्यूयॉर्क येथे ख्रिस्ती मंडळ्यांची मोठी जागतिक परिषद भरली, तिच्यातही नारायणराव बोलले व लोकांनी त्यांचा गौरव केला. मात्र त्या गौरवाकडे मी बोट दाखवीत नाही. १८९१ साली ते वारले तोपर्यंतच्या आयुष्याचा मोठा भाग त्यांनी ज्यांच्यात घालविला, त्यांची सावलीही त्यांच्या पूर्वजांनी टाळली असती; बाप्तिस्म्याच्या दिवशी घेतलेल्या पाण्याचा अर्थ त्यांनी वीस वर्षांनी जालन्याच्या माळरानावर उलगडून दाखविला, हे मला महत्त्वाचे वाटते. वसाहत वेगळी करण्यात दोष नव्हता असे नाही. गावाबाहेर ज्यांना राहावे लागत होते त्यांना पुनः एका वेगळ्या गावात बसविले, असा आक्षेप घेता येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण ज्यांना गावात विहिरीवर चढू देत नव्हते त्यांच्यासाठी त्या वेळी दुसरा कोणता मार्ग मोकळा होता, हेही आक्षेपकाने सांगितले पाहिजे.

आता दुसरे उदाहरण घेतो, ते अधिक सूक्ष्म आहे. कविवर्य नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना तो आघात मरणप्राय झाला. काही वर्षे त्या निराळ्या राहिल्या, पंढरपुरासही राहिल्या; पुढे लहान मुलाला घेऊन पतीकडे आल्या, परंतु आपले स्वयंपाकपाणी त्यांनी निराळेच ठेविले. एका कुटुंबात दोन चुली, दोन हंडे! टिळकांची यात मोठी परीक्षा झाली, आणि त्यांनी बायकोवर धर्माची बळजबरी केली नाही. पुढे लक्ष्मीबाईंच्याच मनात विचार आला की, जाती देवाने केल्या की मनुष्याने? जन्म, मरण, भूक, तहान देवाने सर्वांस सारखी दिली असता हे भेद त्याने कसे केले असतील? भेद माणसाचे असे मनाने घेताच त्यांनी सोवळे सोडले व कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे ठरविले. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो त्यानंतर, १९०० साली, राहुरीस. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा सर्व प्रवास आहे. ज्यांनी ते पुस्तक वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे, धर्म कोणताही असो, घरातील माणूस त्यात भेटते.

येथे क्रम पाहण्यासारखा आहे. पुष्कळांचा बाप्तिस्मा आधी होतो आणि जात मागाहून सुटते, किंवा सुटतच नाही. लक्ष्मीबाईंची जात आधी सुटली आणि बाप्तिस्मा मागून आला. कराराची अट त्यांनी सहीच्या आधीच पुरी केली होती म्हणा ना! त्यांच्या बाबतीत राहुरीचे पाणी म्हणजे जे अंतःकरणात घडून गेले होते त्यावर उमटलेली मोहोर होती.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून निराळी. इंग्लंडातील वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आपल्या लहान मुलीसह बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा देणाऱ्यांना वाटले, आता ही विदुषी आमच्या सांगण्याप्रमाणे वागेल. रमाबाईंनी मात्र मांसाहार केला नाही, क्रुसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे असावीत असा हट्ट धरला, आणि धर्मसिद्धान्तांविषयी आपल्या गुरुभगिनींशी रोखठोक पत्रव्यवहार केला. एका पुरोहितवर्गाच्या दास्यातून सुटून दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या दास्यात मी जाणार नाही, हा त्यांचा भाव त्या पत्रांत स्पष्ट आहे. तेवढीच महत्त्वाची त्यांची दुसरी कबुली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपणांस उमगले की, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा आशय त्यांनी पुढे आपल्या साक्षीत नमूद केला. जगभर कीर्ती झालेल्या बाईने असे लिहावे यास धैर्य लागते. ज्यांच्या बाप्तिस्म्याचे दाखले नोंदवहीत व्यवस्थित लागलेले आहेत अशा आम्हा सर्वांना ती कबुली अस्वस्थ करणारी आहे.

आपल्या वऱ्हाडाकडे पुनः वळू. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हा प्रांत होरपळून निघाला. अनाथ मुले मिशनांच्या आश्रयास आली, वाढली, ख्रिस्ती झाली. तेव्हापासून एक टोमणा आपल्याकडे चालत आला आहे: पोटासाठी बाटले. या टोमण्याला रागाने उत्तर देण्यात अर्थ नाही. भुकेल्या मुलासमोर एका हाताने भाकर व दुसऱ्या हाताने धर्म धरणे ही जोखमीची गोष्ट होती, आणि तिचा विचार मिशनांनी नेहमी पुरेसा केला असे म्हणता येणार नाही. मात्र टोमणा मारणाराने दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. ज्याच्या दारात ते मूल आधी उभे राहिले होते त्या दाराने त्यास काय दिले? आणि दुसरी गोष्ट अशी की, मनुष्य कोणत्या कारणाने पाण्यापर्यंत आला यावरून तो पुढे कसा वागेल हे ठरत नाही. भाकरीसाठी आलेला मनुष्य पुढे आपली भाकर वाटून खाणारा झाला, तर त्याने करार पाळला. तत्त्वज्ञानाचे सारे ग्रंथ पचवून आलेला मनुष्य मुलीचे लग्न ठरविताना पूर्वाश्रमीची जात विचारीत बसला, तर त्याने तो मोडला.

आणि हे दुसरे अपूर्व नाही, हे खेदाने सांगावे लागते. रविवारी एका बाकावर बसणारी, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी ख्रिस्ती कुटुंबे सोयरिकीच्या वेळी अमके मूळचे कोण आणि तमके मूळचे कोण याची चौकशी करतात. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जो जुना मनुष्य पुरला म्हणून आम्ही जाहीर केले, त्यास लग्नाच्या बैठकीत आम्हीच उकरून काढतो.

शेवटी आजच्या एका अडचणीचा उल्लेख करतो. १९५० साली निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती प्रथम केवळ हिंदूंपुरत्या होत्या; त्या १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांस मिळाल्या; ख्रिस्ती झालेल्या दलितांस त्या मिळत नाहीत. यामुळे असे होते की, एखादे कुटुंब श्रद्धेने प्रार्थनेस येते, मुले भजने म्हणतात, परंतु बाप्तिस्म्याचे नाव काढले की घरातील कर्ता मनुष्य गप्प होतो. मुलाच्या शिक्षणाचा, नोकरीचा दाखला त्याच्या डोळ्यांपुढे असतो. अशा मनुष्यास भित्रा म्हणणारे उपदेशक मी ऐकले आहेत. ज्यांना त्या दाखल्याची गरज कधी पडली नाही अशांच्या तोंडी तो शब्द फार सोपा येतो. उलट काही जण कागदावर एक व अंतःकरणात एक असा मार्ग काढतात. त्यांची कुचंबणा मला समजते, तरी करार सत्याचा आहे आणि असत्याच्या पायावर तो फार दिवस टिकत नाही, हेही त्यांना सांगणे भाग आहे.

परंतु येथे करार एकट्या त्या कुटुंबाचा उरत नाही. बाप्तिस्म्याच्या विधीत आणखी एक प्रश्न असतो, तो पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. उमेदवाराची उत्तरे झाल्यावर पाळक जमलेल्या मंडळीकडे वळतो व विचारतो, याला आपला समजून तुम्ही सांभाळाल काय? सारी मंडळी उठून उभी राहते आणि होय म्हणते. त्या होयमध्ये त्याच्या मुलाची फी आहे, त्याच्या मुलीची सोयरीक आहे, त्याच्या घरच्या पेल्यातले पाणी आहे. दाखल्यासाठी थांबलेला तो कर्ता मनुष्य मागच्या बाकावर बसून ते होय ऐकत असतो, आणि पुढच्या आठवड्यात कोण त्याच्या घरी येते याची वाट पाहतो.